गोथेनबर्ग आणि ट्रोलहॅटन: स्वीडिश गाड्यांचा इतिहास बघायला जाणाऱ्यांसाठी

गाड्यांच्या ओढीने स्वीडनला जाणारी आपली बहुतेक मंडळी गोथेनबर्गला व्होल्वोचं प्रदर्शन बघतात, मुलांना लिसेबर्ग या करमणूक बागेतल्या पाळण्यांत बसवतात आणि पुढच्या गावाला निघतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, त्यात ट्रोलहॅटनसाठी एक दिवस काढाच. स्वीडनच्या मोटारधंद्याचा इतिहास या दोन गावांत वाटला गेला आहे. गोथेनबर्गात बॉलबेअरिंग करणाऱ्यांनी व्होल्वो गाडी केली, ट्रोलहॅटनमध्ये विमानं करणाऱ्यांनी साब. दोन्ही बघितल्यावरच एकेक नीट उमगतं.

माझा धाकटा भाऊ गोथेनबर्गला नोकरीला आहे. तिथल्या वाहन उद्योगात मराठी मुलंमुली बरीच भेटतात. आम्ही मे महिन्याच्या अखेरीस गेलो. रात्री दहापर्यंत उजेड, पाऊस अधूनमधून, अंगात जाकीट हवंच. जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातला मिडसमर या सणाचा शुक्रवार-शनिवार मात्र टाळा. तेव्हा दुकानं, हॉटेलं, संग्रहालयं सगळंच बंद असतं किंवा अर्धवट चालू असतं. हिवाळ्यात साडेतीनला अंधार पडतो आणि संग्रहालयांच्या वेळाही आखडतात.

लँडव्हेटर विमानतळावरून शहरात यायला अर्ध्या तासाची बस आहे. ती कोर्सव्हेगेनला थांबते. तिथेच आसपास राहण्याची सोय बघा, कारण ‘वर्ल्ड ऑफ व्होल्वो’ तिथून चालत जाण्याइतकं जवळ आहे. आम्ही गेलो तेव्हा त्या भागात भुयारी रेल्वेचं खोदकाम चालू होतं, त्यामुळे ट्रॅमचे थांबे इकडचे तिकडे झाले होते. जुन्या माहितीत व्होल्वोचं संग्रहालय आरेनडालला बंदराजवळ असल्याचं लिहिलेलं सापडेल. ते बंद झालं. नवी इमारत एप्रिल २०२४ मध्ये उघडली. गोल आहे आणि तिचे खांब-तुळया सगळं लाकडाचं. आत शिरायला पैसे पडत नाहीत, तिकीट लागतं ते फक्त मुख्य प्रदर्शनाला. ते आदल्या दिवशीच ऑनलाइन काढून ठेवा.

प्रदर्शनात सगळ्यात जास्त वेळ मी ‘ओव्ही ४’ या गाडीपाशी काढला. १४ एप्रिल १९२७ ला हिसिंगेन बेटावरच्या कारखान्यातून बाहेर पडलेली ही व्होल्वोची पहिली मालिका. गडद निळं अंग, काळे मडगार्ड, चाकांना लाकडी आरे. वाकून बघितलं की ते आरे कसे बसवलेत ते दिसतं. पत्र्याच्या आतला सांगाडाही लाकडीच, अ‍ॅश आणि बीचचा. इंजिन चार सिलिंडरचं, २८ अश्वशक्तीचं. किंमत ४,८०० क्रोनर. गाडी उघडी होती. स्वीडनच्या थंडीत उघडी गाडी कोण घेणार? गिऱ्हाइकांनाही तोच प्रश्न पडला असावा, कारण पहिल्या वर्षी जेमतेम ३०० गाड्या खपल्या. बंद टपाची गाडी लगेच मागोमाग आणावी लागली. जाळीवरून तिरकी गेलेली ती पट्टी, जी आजच्या व्होल्वोवरही असते, ती मुळात मधलं चिन्ह धरून ठेवण्यासाठी होती.

या गाडीमागचे दोघे, आसार गॅब्रिएलसन आणि गुस्ताफ लार्सन, एसकेएफ या बेअरिंगच्या कंपनीशी जोडलेले. गॅब्रिएलसन तिथे विक्री सांभाळायचे, लार्सन तिथे आधी काम केलेले इंजिनिअर. पुण्याच्या माणसाला एसकेएफ वेगळं सांगायला नको, चिंचवडचा कारखाना आपल्या ओळखीचाच आहे. आपल्या घरी बेअरिंग उत्तम बनतं, पोलाद उत्तम बनतं, मग गाडी का नाही, हा त्यांचा साधा हिशोब. पहिल्या नमुन्याच्या गाड्या त्यांनी स्टॉकहोममध्ये करून घेतल्या, १९२६ मध्ये त्यातली एक चालवत गोथेनबर्गला नेली आणि एसकेएफच्या संचालकांपुढे उभी केली. पैसा तिथून मिळाला. रस्त्यावर चालवून दाखवलेली वस्तू अहवालापेक्षा जास्त बोलते, हे मी स्वतः सुट्या भागांच्या धंद्यात असल्याने मनापासून सांगतो.

युद्धानंतरची ‘पीव्ही ४४४’, ‘अ‍ॅमेझॉन’, ‘पी १८००’ या गाड्या सुंदर आहेत, फोटोही सगळे त्यांचेच काढतात. पण मुलं बरोबर असतील तर सीटबेल्टपाशी थांबा. कमरेवरून आणि छातीवरून जाणारा, एका हाताने लावता येणारा तीन टोकांचा पट्टा निल्स बोलिनने व्होल्वोसाठी तयार केला आणि १९५९ मध्ये तो गाड्यांत आला. पेटंट कंपनीने सगळ्यांना खुलं ठेवलं, म्हणून तो आज आपल्या वॅगन-आरमध्येही आहे. बोलिन व्होल्वोत येण्याआधी साबमध्ये लढाऊ विमानांतून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करत होते. पट्ट्याची जाण तिथली.

कोणत्या गाड्या मांडल्या आहेत ते बदलत असतं. एखादं ठराविक मॉडेल बघायला जात असाल तर आधी विचारून घ्या.

आता ट्रोलहॅटन. गोथेनबर्ग सेंट्रलवरून आगगाडीने पाऊण ते एक तास. व्हेस्ट्राफिक या तिथल्या सार्वजनिक वाहतूक कंपनीच्या अ‍ॅपवर तिकीट काढताना ए, बी, सी हे तीनही झोन घ्या, फक्त शहराचं तिकीट पुरणार नाही. रोख पैशांवर विसंबू नका, स्वीडनमध्ये कार्डाशिवाय पान हलत नाही. स्टेशनवरून साब गाड्यांचं संग्रहालय चालत गाठता येतं. ते इन्नोव्हाटुम या भागात आहे, जिथे पूर्वी नोहाब कंपनी रेल्वेची इंजिनं बांधायची. विटांच्या उंच शेड, मोठाल्या खिडक्या. चिंचवड-पिंपरीच्या जुन्या कारखान्यांत वावरलेल्यांना इथे आपलंसं वाटेल.

साब ही १९३७ ची विमान कंपनी. युद्ध संपताना विमानांची मागणी आटणार हे दिसू लागलं, तेव्हा गाडी करायचं ठरलं. गुनार युंगस्ट्रोम हे इंजिनिअर आणि आकार देणारे सिक्स्टेन सासोन. पहिला नमुना, ज्याला उरसाब म्हणतात, तो इथे उभा आहे. बाजूने बघा: विमानाच्या पंखाचा उभा काप डोळ्यांसमोर येतो. चाकंसुद्धा अंगाखाली झाकलेली. दिसायला हौस म्हणून हे केलेलं नाही. छोट्या इंजिनावर वेग हवा तर हवेचा विरोध कमी करायला हवा, हे विमानवाल्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

त्यातून झालेली ‘साब ९२’ डिसेंबर १९४९ पासून बनू लागली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, ७६४ सीसी, २५ अश्वशक्ती. सुरुवातीच्या सगळ्या गाड्या हिरव्या. गाडीच्या मागे जाऊन उभे राहा. डिकीला झाकणच नाही! पत्रा छतापासून खालपर्यंत अखंड उतरतो. सामान आतून, मागचं आसन दुमडून ठेवायचं. मागची काच एवढीशी. १९५३ मध्ये झाकण आलं, काच मोठी झाली. दोन्ही गाड्या मनात शेजारी ठेवून बघितल्या की इंजिनिअरने काय धरलं आणि गिऱ्हाइकाने काय सोडायला लावलं ते कळतं.

टू-स्ट्रोक म्हटल्यावर पेट्रोलपंपावर तेल मिसळून घेणारी आपली पिढी कान टवकारते. पेट्रोलबरोबरच तेल आत जाणार, मग लांब उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिन फिरत राहतं पण तेल मिळत नाही. यावर साबने फ्रीव्हील बसवलं, सायकलसारखं: पाय काढला की चाकं सुटी, इंजिन निवांत. अशा गाडीवर एरिक कार्लसनने १९६२ आणि १९६३ ची माँटे कार्लो रॅली मारली. त्याची गाडीही इथे बघायला मिळते.

पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘९९ टर्बो’ आली, मग ‘९००’. या गाड्यांत किल्ली स्टिअरिंगपाशी नसून दोन आसनांच्या मध्ये, गिअरच्या दांड्याजवळ. अपघातात गुडघा किल्लीवर आपटू नये म्हणून. रिव्हर्स गिअर टाकल्याशिवाय ती बाहेर निघत नाही. खिडकीतून वाकून ती जागा नक्की बघा.

आणि मग शेवटचा कोपरा. जनरल मोटर्सने २००० मध्ये साबची गाड्यांची कंपनी पूर्ण ताब्यात घेतली, २०१० मध्ये ती डच स्पायकरला विकली, १९ डिसेंबर २०११ ला तिने दिवाळखोरी जाहीर केली. धनकोंचे पैसे फेडायला संग्रहालयातल्या गाड्याही विक्रीला निघाल्या होत्या. नगरपालिका, विमानवाली साब कंपनी आणि वॉलेनबर्ग प्रतिष्ठान यांनी मिळून अख्खा संग्रह विकत घेतला, म्हणून तो एकत्र राहिला. बाजारात कधीच न आलेली ‘९-५’ ची वॅगन इथे उभी आहे. मला तिथे फार वाईट वाटलं. व्होल्वोचा मोटारधंदाही १९९९ मध्ये फोर्डकडे आणि २०१० मध्ये चीनच्या जीलीकडे गेला, पण त्याचे कारखाने चालू राहिले. इथे गावातली हजारो माणसं घरी बसली. कारखाना गेल्यावर गावाने निदान आपलं काम जपून ठेवलं, याबद्दल ट्रोलहॅटनला हात जोडावेत.

जेवण: दुपारी अकरा ते दोनमध्ये ‘दागेन्स लुंच’, म्हणजे त्या दिवसाचं ठराविक जेवण घ्या. सॅलड, ब्रेड, कॉफी त्यातच येते आणि रात्रीच्या मानाने बरंच स्वस्त पडतं. शाकाहारी पदार्थ बहुतेक ठिकाणी असतो, नाहीतर फलाफल आहेच. नळाचं पाणी प्या, बाटल्या विकत घेऊ नका. संग्रहालय आटपून कालव्याच्या कडेने धबधब्याकडे जा. नदीचं पाणी एरवी विजेसाठी वळवलेलं असतं. उन्हाळ्यात ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी धरणाची दारं उघडतात. ती वेळ आधी बघून मगच गाडीचं तिकीट ठरवा.

भाड्याने मोटार घेणार असाल तर लक्षात ठेवा, तिथे रस्त्याच्या उजवीकडून चालवायचं. ३ सप्टेंबर १९६७ पर्यंत स्वीडनही आपल्यासारखं डावीकडून चालवायचं, गंमत म्हणजे तेव्हाही बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडेच होतं. जुन्या गाड्या बघताना हे आठवेल.

स्टॉकहोमलाही जाणार असाल तर सोडरटेल्ये वाटेतच आहे. १८९७ मध्ये गुस्ताफ एरिकसनने तिथल्या वाबिस कंपनीसाठी स्वीडनच्या अगदी पहिल्या मोटारींपैकी एक केली आणि १९११ मध्ये माल्मोच्या स्कानियाशी जुळून ही कंपनी स्कानिया-वाबिस झाली. ट्रकांची आवड असलेल्यांनी तिथलं स्कानियाचं संग्रहालय बघावं, पण निघण्याआधी मेल टाकून ते कधी उघडं असतं ते विचारून घ्या.