आधी डीएफ, मग ग्राफाना

आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीने परवा विचारलं, "ताई, सर्व्हरवर लक्ष ठेवायला कुठलं टूल टाकू? यादी काढलीय, सतरा झालीत." यादी बघितली. प्रोमिथियस, ग्राफाना, झॅबिक्स, नागिओस, नेटडेटा... सगळी नावाजलेली. मी म्हटलं, आधी टर्मिनल उघड आणि डीएफ मार, म्हणजे डिस्क किती भरलीय ते सांगणारी कमांड.

तिचा चेहरा बघून वाटलं, उत्तर जरा तुसडं झालं. म्हणून हे नीट लिहून काढतेय.

मी मुळात सर्व्हरवाली नाही. टेस्टिंग करायचे. सर्व्हर सांभाळणारा सहकारी नोकरी सोडून गेला आणि पासवर्डची फाइल माझ्या गळ्यात पडली. उबुंटू लिनक्सची तीन व्हर्च्युअल मशीन, प्रत्येकी ४० जीबीची डिस्क. नव्या नवलाईत मी शनिवार-रविवार खर्ची घालून प्रोमिथियस (आकडे गोळा करणारं) आणि ग्राफाना (त्यांचे आलेख काढणारं) उभं केलं. काळ्या पडद्यावर हिरव्या-पिवळ्या रेषा सरकताना बघून काय भारी वाटलं होतं! मीटिंगमध्ये दाखवलं, कौतुक झालं. अलर्ट तेवढे लावायचे राहिले.

मग एका रात्री डेटाबेस बसला. डिस्क फुल्ल. ग्राफानात जाऊन पाहिलं तर नऊ दिवसांपासून डिस्कची रेषा जिना चढल्यासारखी वर चाललेली. आलेखाने सगळं इमानदारीत काढून ठेवलं होतं, बघायलाच कुणी नव्हतं.

त्या रात्रीचं पुढचं थोडं सविस्तर सांगते, कारण मला डिस्क समजली ती तिथे. डीएफ -एच मारलं. ४० पैकी ३८ जीबी वापरात, शिल्लक शून्य. (उरलेले दोन कुठे? ईएक्सटी४ फाइल सिस्टिम सहसा पाच टक्के जागा रूटसाठी, म्हणजे मुख्य अ‍ॅडमिन खात्यासाठी, राखून ठेवते.) फोल्डरनिहाय जागा मोजणाऱ्या डीयूने शोधत गेले तर लॉगच्या फोल्डरमध्ये आमच्याच अ‍ॅपची २१ जीबीची एक फाइल. कुणीतरी डीबग लॉगिंग (बारीकसारीक प्रत्येक गोष्टीची नोंद) चालू करून विसरलं होतं. कुणीतरी म्हणजे मीच, पण ते नंतर कळलं. आरएमने ती डिलीट केली, सुटकेचा श्वास सोडला, पुन्हा डीएफ. आकडा तोच, ३८.

मला वाटलं स्क्रीन अडकली. पुन्हा मारलं. ३८. डीयू म्हणतंय १७ जीबी, डीएफ म्हणतंय ३८, आणि रात्रीचे दोन वाजलेले.

झालं होतं असं की लिनक्समध्ये फाइल डिलीट केली की फोल्डरमधलं फक्त तिचं नाव जातं. एखाद्या प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) ती उघडी धरली असेल, तर प्रोसेस ती सोडेपर्यंत जागा मोकळी होत नाही. दारावरची पाटी काढली, भाडेकरू आतच. डीयू दारोदार फिरून पाट्या वाचतं, त्यामुळे त्याला तो भाडेकरू दिसत नाही. डीएफ थेट फाइल सिस्टिमला विचारतं, त्यामुळे त्याच्या हिशेबात तो असतो. उघड्या फाइल्स दाखवणारं एलएसओएफ +एल१ मारल्यावर आमचं अ‍ॅप ती पुसलेली फाइल कवटाळून बसलेलं दिसलं. अ‍ॅप रीस्टार्ट केलं आणि २१ जीबी परत आले. डिलीट करण्याऐवजी ट्रंकेटने फाइल शून्यावर आणली असती, तर एवढंही करावं लागलं नसतं.

यात ग्राफाना कुठेच कामी आलं नाही. दोष त्याचा नाही म्हणा. मला डिस्क भरणं म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं आणि मी त्याचे आलेख काढत होते.

तेव्हा नव्या माणसाला माझा सल्ला असा की महिनाभर मशीनवर आधीच असलेल्या किंवा एका कमांडने येणाऱ्या गोष्टींवर काढा. डीयूचं आउटपुट डोक्यावरून जात असेल तर एनसीडीयू घ्या. कुठलं फोल्डर किती जड ते उतरत्या क्रमाने दिसतं, बाणाच्या बटणांनी आत-बाहेर करता येतं. फक्त सुरुवातीला -आर देऊन चालवा, म्हणजे नुसतं बघता येतं. नाहीतर त्यात डी दाबलं की डिलीट; एकदा विचारतं खरं, पण झोपेत बोट कुठेही पडतं.

एक चकवा मात्र लक्षात ठेवा. डीएफ अर्धी डिस्क रिकामी दाखवतंय आणि तरी 'जागा नाही' अशी एरर येतेय, तर डीएफ -आय मारा. आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी एक नोंद) संपले असतील. लाखो चिमुकल्या सेशन फाइल्स साठल्या की हे होतं.

परफॉर्मन्सकडे वळलं की सगळे आधी एचटॉप (चालू प्रोसेसची यादी) उघडतात. उघडावंच, रंगीत आहे, माऊस चालतो. पण लोड अ‍ॅव्हरेज (सरासरी किती प्रोसेस चालू किंवा रांगेत आहेत तो आकडा) बघून फसू नका. दोन कोअरच्या मशीनवर लोड नऊ आणि सीपीयू मात्र निवांत, हे दृश्य मला पहिल्यांदा भुताटकीच वाटलं होतं. लिनक्सच्या लोडमध्ये डिस्कची वाट बघत खोळंबलेल्या प्रोसेसही मोजल्या जातात. अशा वेळी सिसस्टॅट पॅकेजमधलं, डिस्कचं काम मोजणारं आयओस्टॅट -एक्स १ (दर सेकंदाला एक तक्ता) चालवायचं. पहिला तक्ता सोडून द्यायचा, तो मशीन चालू झाल्यापासूनची सरासरी असतो. त्यापुढच्या तक्त्यांत अवेटचे कॉलम बघायचे, म्हणजे एका रिक्वेस्टला किती मिलिसेकंद लागले ते. टक्के-युटिल १०० झालं म्हणून एसएसडीवर लगेच घाबरायचं कारण नाही. ती एका वेळी अनेक रिक्वेस्ट हाताळते, हा आकडा फक्त ती मोकळी बसली नव्हती एवढंच सांगतो. गुन्हेगार प्रोसेस कोण, ते आयओटॉप सांगतं. मेमरीसाठी फ्री -एच, आणि त्यात फ्री नाही, अव्हेलेबल हा कॉलम. रिकामी रॅम लिनक्स कॅशसाठी वापरून घेतं, आणि नवे लोक 'रॅम संपली' म्हणून ओरडत येतात. मीही आले होते.

आलेख हवेच असतील तर पहिलं म्हणून मी नेटडेटा देईन. एका कमांडने बसतं, सेकंदासेकंदाचे आकडे दाखवतं, आणि मुख्य म्हणजे डिस्क भरत आल्याचे अलर्ट त्यात आयतेच ठरवलेले असतात. त्याचं पान ज्यावर दिसतं तो पोर्ट १९९९९ जगासाठी उघडा ठेवू नका, बस. ब्राउझर नको असेल तर टर्मिनलमध्येच सगळं दाखवणारं ग्लान्सेस. प्रोमिथियस-ग्राफाना पाच-सहा मशीन झाली, महिन्यामागचे आकडे ताडून बघायची गरज पडली, की आणा. झॅबिक्सबद्दल माझं मत विचारू नका, मी ते कधी चालवलेलं नाही.

त्या मुलीने शेवटी यादी बाजूला ठेवली आणि पहिल्या दिवशी दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. क्रॉन दर दहा मिनिटांनी ती चालवणार, डिस्क ८० टक्क्यांवर गेली की मेल. मी विचारलं, मेल कुठल्या मशीनवरून जाणार? याच. आणि मेलची रांग कुठल्या डिस्कवर? ती दोन सेकंद थांबली आणि हसली. डिस्क भरली तर मेलही अडकणार. संध्याकाळपर्यंत तिने दुसऱ्या मशीनवर अपटाइम कुमा बसवलं. आता स्क्रिप्ट सगळं ठीक असल्याची हाक त्याला देत राहते, हाक थांबली की ते बोंब मारतं.

आणि माझी एक जुनी सवय तिने न सांगता उचलली. प्रत्येक सर्व्हरवर एक जीबीची एक निरुपयोगी फाइल, फॅलोकेट कमांडने बनवलेली. डिस्क गळ्यापर्यंत आली की आधी ती उडवायची, म्हणजे निदान श्वास घ्यायला आणि डेटाबेस उठवायला जागा मिळते. माझ्या फाइलचं नाव 'बॅलास्ट' (जहाजात तोल साधायला ठेवतात ते वजन) आहे. तिने तिच्या मशीनवर ठेवलंय 'ताई'.