उजव्या बाजूचे चार जण सापडले

मागच्या नोंदीत कबूल केलं होतं की अमेरिकन सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनची ‘फ्री जॅझ’ ही तबकडी हातात आली की सविस्तर लिहीन. तबकडी येऊन महिना झाला. उशीर एवढ्यासाठी झाला की पहिले चार दिवस मी ती अर्धीच ऐकत होतो, आणि ते माझ्या लक्षातच आलं नाही.

ज्यांच्याकडे ही नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २१ डिसेंबर १९६० रोजी न्यू यॉर्कमध्ये आठ जणांनी बसून केलेलं हे ध्वनिमुद्रण. दोन चौकड्या, एकेका स्पीकरमध्ये एकेक. डावीकडे कोलमनचा सॅक्सोफोन, डॉन चेरीचा छोटा पॉकेट ट्रम्पेट, स्कॉट लाफारोचा बास (खर्जाचं मोठं तंतुवाद्य) आणि बिली हिगिन्सचे ड्रम्स. उजवीकडे एरिक डॉल्फीचा बास क्लॅरिनेट (खर्जातलं फुंकवाद्य), फ्रेडी हबर्डचा ट्रम्पेट, चार्ली हेडनचा बास आणि एड ब्लॅकवेलचे ड्रम्स. साधारण ३७ मिनिटांचं एकच सलग वादन, तबकडीत मावेना म्हणून मधोमध तोडून दोन बाजूंवर घातलेलं. (डॉल्फीने त्याच दिवशी ‘फार क्राय’ हा स्वतःचा अल्बमही ध्वनिमुद्रित केला. माणूस जेवला कधी, कोण जाणे.)

माझी प्रत नंतरच्या आवृत्तीची. मूळ आवृत्तीच्या कव्हरला खिडकी कापलेली होती आणि आतल्या जॅक्सन पोलॉकच्या चित्राचा तुकडा तिच्यातून दिसायचा. ती मिळेल तेव्हा मिळेल.

तर पहिल्या दिवशी नेहमीप्रमाणे धुलाई केली. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. वाळवली, लावली. सुरुवातीचा कल्लोळ झाला आणि मग नुसती साथ चालू. बास धावतोय, झांजांवर काठी नाचतेय, मधेच सॅक्सोफोन दोन शब्द बोलून गप्प. मैफल भरलीय, साथीदार तयार आहेत आणि बुवा आलेच नाहीत, अशी तऱ्हा. मला वाटलं हीच ती मुक्त शैली! सुमारे दहा मिनिटांनी कोलमन सुरू झाला तेव्हा जीव भांड्यात पडला. बायकोला कौतुकाने म्हटलंसुद्धा, ‘बघ, किती वेळ मोकळी जागा सोडलीय.’

पाचव्या दिवशी कव्हर वाचताना बास क्लॅरिनेटपाशी अडलो. हे वाद्य मी ऐकलंच नव्हतं. उजव्या स्पीकरला कान लावला तर दुसऱ्या खोलीतून आल्यासारखी पुसट कुजबुज. पहिले दोन एकल (एकट्याने पुढे होऊन केलेलं वादन) डॉल्फी आणि हबर्डचे, दोघंही उजवीकडचे. माझी मोकळी जागा ती हीच.

दुसरी कुठलीही रेकॉर्ड असती तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. इथे एक बाजू मेली तरी उरतात ते चार जण आपापलं वाजवतच असतात, त्यामुळे संशय येत नाही.

दोष शोधायची पद्धत सांगतो, उपयोगी पडेल. हेडशेलमध्ये, म्हणजे आर्मच्या टोकाला सुई बसवायच्या टोपीत, चार रंगांच्या तारा असतात. पांढरी आणि निळी डाव्या बाजूची, लाल आणि हिरवी उजव्या बाजूची. चिमट्याने त्यांची अदलाबदल केली. मुकी बाजू उजवीच राहिली, म्हणजे कार्ट्रिज (सुईची थरथर विजेत बदलणारा भाग) निर्दोष. मग प्रीअँपच्या (तो क्षीण आवाज वाढवणारा डबा) मागच्या दोन पिना एकमेकींच्या जागी लावल्या. आता डावी बाजू मुकी झाली, म्हणजे प्रीअँपही ठीक. चोर या दोघांच्या मधे, आर्ममध्ये. हेडशेल काढून आर्मच्या तोंडाशी टॉर्च मारला. तिथे स्प्रिंगवरच्या चार बारीक पिना असतात. तीन बाहेर डोकावत होत्या, चौथी आत रुतून बसलेली, आणि तिच्याभोवती हिरवट थर. पितळेचं भांडं कळकतं तसा. खाडीकाठची हवा, त्यात ठाण्याचा पावसाळा. इथे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे त्या पिनेचं काय घेऊन बसलात.

कानकोरणीचा कापूस अल्कोहोलमध्ये बुडवून ती पुसली, काडीने हलकेच दाबून सोडली. चौथ्या दाबाला टुणकन वर आली. खर्च शून्य. (दुरुस्तीवाल्याने फोनवरच ‘आर्म बदलावा लागेल’ सांगितलं होतं. असो.)

आणि मग डॉल्फी. तो आवाज काय सांगू! रिकाम्या पिंपात तोंड घालून कुणी तावातावाने भांडतोय, आणि मधेच हसतोय.

पण पहिल्या बाजूच्या शेवटाकडे उजवीकडे खरखर यायची, डावीकडे नाही. आतल्या वळणांवर सुईचा वेग तसाही घटतो, बाहेर सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर तर आत जेमतेम २१. पण मग खरखर दोन्हीकडे हवी. खाचेची आतली भिंत डाव्या बाजूची, बाहेरची उजवीची. आर्म मध्याकडे ओढला जातो, सुई आतल्या भिंतीला रेलते आणि बाहेरच्या भिंतीवरची पकड सुटते. अँटी-स्केटिंग, म्हणजे आर्मला उलट बाहेर ओढणारा ताण, १.५ वरून १.८ केलं, सुईचा भार वजनकाट्यावर तपासून १.८ ग्रॅमच ठेवला. खरखर नव्वद टक्के गेली. उरलेली बहुधा माझ्या स्वभावातली.

दुसरी अडचण घोडबंदर रोडची. रात्री अवजड ट्रक गेले की वूफर श्वास घेतल्यासारखा आतबाहेर होतो. ओट्याचा उरलेला कडप्पा आणि त्याखाली टेनिसचे अर्धे कापलेले चार चेंडू, एवढ्यावर बरंच भागलं. अर्धे चेंडू पाहून मुलगी दोन दिवस बोलली नाही.

आता अपघाताने लागलेली सवय मुद्दाम चालू ठेवलीय. एक दिवस बॅलन्सची कळ पूर्ण डावीकडे, दुसऱ्या दिवशी पूर्ण उजवीकडे, रविवारी दोन्ही. सगळं आयत्या वेळचं आहे हा समज यात गळून पडतो. प्रत्येक एकलाआधी सगळे मिळून एक छोटा ठरलेला तुकडा वाजवतात, तो दाराची कडी वाजवल्यासारखा. एकल चालू असताना बाकीचे हवं तेव्हा तोंड घालतात. फक्त डावीकडचं ऐकताना कोलमनचं मधेच बोलणं असंबद्ध वाटायचं. दोन्ही लावल्यावर कळतं की तो हबर्डच्या शेवटच्या चार सुरांना उत्तर देतोय.

गेल्या रविवारी सासरे कळव्याहून आले होते. अण्णा भजनी मंडळात पखवाज वाजवतात. त्यांना दुसरी बाजू लावून दिली, कारण दोन्ही बास आणि दोन्ही ड्रम्सची एकलं तिथेच आहेत. अण्णा पाच मिनिटं बोटांवर मात्रा मोजत राहिले, मग मोजणं सोडून मांडीवर ठेका धरला. बासपाशी म्हणाले, ‘जावईबापू, हा खालचा जागा धरून बसलाय, तो वरचा नुसता खेळतोय.’ हेडन आणि लाफारो, नावंसुद्धा माहीत नसताना. लाफारो त्यानंतर वर्षभरही जगला नाही, १९६१ च्या जुलैमध्ये मोटार अपघातात गेला, पंचविसाव्या वर्षी. अण्णांना सांगितलं. त्यांनी सुई परत मागे घ्यायला लावली.

ब्लॅकवेलचं सुरू झालं तेव्हा मात्र मला हाताने गप्प केलं. ‘ह्यानं वाद्य सुरात लावलंय,’ एवढंच. संपल्यावर विचारलं, ‘मधे चहा-बिहा दिला होता का ह्यांना?’

पुढचं काम म्हणजे दोन्ही बाजू संगणकावर घेऊन सांधा जोडायचा आणि ३७ मिनिटं उठावं न लागता ऐकायचं. पहिली बाजू दोनदा घेतली, दोन्ही वेळा शेजारच्या काकूंच्या मिक्सरचा गुणगुणाट आत आला. आता रात्री अकरानंतर बसतो. याच सत्रातला १७ मिनिटांचा आधीचा टेक ‘ट्विन्स’ नावाच्या तबकडीवर १९७१ मध्ये आला होता. ती कुणाकडे असेल तर कळवा, ऐकायला ठाण्याबाहेरही येईन. येताना कानकोरण्या आणि अल्कोहोल घेऊन येतो, तुमच्याही पिना पाहून देईन.