लवंगतेलाचे मणी: तेल नेमके कुठे जात होते?

पावाला बुरशी लागू नये म्हणून मी लवंगतेलाचे मणी बनवतो आहे: समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या द्रावणात तेल घोटायचे आणि ते मिश्रण सुईतून थेंब थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात सोडायचे, की कॅल्शियममुळे अल्जिनेटची जाळी बनून थेंबांचे मणी होतात. मागील नोंदीतले वाळलेले मणी लवंगेच्या वासाने घमघमत होते, तरीही पावाच्या डब्यात चौथ्या दिवशी बुरशी आलीच. मणी रिकामे आहेत की तेल आतच अडकून बसले आहे, हे ठरवण्यासाठी मी ते सोडियम सायट्रेटच्या द्रावणात टाकले. सायट्रेट कॅल्शियम ओढून घेते आणि अल्जिनेटची जाळी सुटते. ताज्या मण्यांतले तेल सुटून द्रावण दुधाळ झाले, वाळलेल्या मण्यांनी मात्र ते जवळजवळ नितळच राहिले, म्हणजे तेल आधीच निसटले होते.

पुढचे तीन आठवडे ही गळती शोधण्यात गेले. तेल पाण्यात मिसळून ठेवणारा अरेबिक डिंक वाढवला, घोटण्याचा वेळ दुप्पट केला, अल्जिनेट 2 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर नेले, तेव्हा मिश्रण सुईतून उतरेना. शेवटी मण्यांऐवजी कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणाचाच वास घेतला आणि उलगडा झाला. अर्धा तास त्यात राहिलेले मणी आवळत जातात, पाणी बाहेर टाकतात आणि त्या पाण्याबरोबर तेलही जाते. उरलेले पंख्याखाली वाळताना उडून जात होते.

म्हणून या वेळी मणी पाच मिनिटांतच काढले आणि 1 टक्का ॲसिटिक आम्लात विरघळवलेल्या 0.5 टक्के कायटोसानमध्ये दहा मिनिटे बुडवून सावलीत वाळवले. धनभारित कायटोसान ऋणभारित अल्जिनेटला घट्ट धरते आणि मण्याभोवती कवच तयार होते. सायट्रेटमध्ये टाकल्यावर आतला गर पातळ झाला, पण कवच शाबूत राहिले. भिंगाखाली ती दुधाने भरलेली इवलीशी पिशवी मी कितीतरी वेळ पाहत होतो. लिम आणि सन या संशोधकांनी 1980 मध्ये स्वादुपिंडातील पेशीसमूहांसाठी सायट्रेटची हीच युक्ती वापरली होती, फक्त त्यांचे कवच पॉलिलायसिन या दुसऱ्या धनभारित पदार्थाचे होते.

दोन सूचना: बोअरच्या पाण्यातील कॅल्शियममुळे अल्जिनेटच्या गुठळ्या होतात, तेव्हा डिस्टिल्ड पाणीच घ्यावे, आणि चिकटपणाची श्रेणी न लिहिलेले अल्जिनेट स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, कारण प्रत्येक पाकीट वेगळे वागते.

मणी कणकेत मळण्याचा बेत मी सोडला आहे, कारण लवंगतेलाचा मुख्य घटक युजेनॉल यीस्टलाही रोखते. पावातून निघणाऱ्या ओलाव्यानेच मणी फुगून तेल सोडतील, असे हे लिहिताना सुचले. त्यामुळे झाकणाला मलमलीची पुरचुंडी बांधणे अधिक योग्य ठरेल. कायटोसान बहुधा कोळंबीच्या कवचापासून बनते, म्हणून शाकाहारी घरांसाठी बुरशीपासून मिळणारे मागवले आहे. उद्या तीन डबे लावतो: कवच असलेले मणी, कवच नसलेले मणी आणि रिकामी पुरचुंडी.