माशेलच्या घरातला रस आणि बाबांचा पेला

इंग्लंडमधल्या स्विंडनला येऊन सहा वर्षं झाली, पण ताजा रस म्हटलं की डोळ्यांसमोर गोव्यातल्या आमच्या माशेलच्या घरचं स्वयंपाकघरच येतं. मे महिन्यात तीन आठवडे घरी होते तेव्हा रोज सकाळी मिक्सर सुरू, कारण बाबांची शुगर बॉर्डरवर आलीय म्हणून त्यांनी मोसंबीचा रस धरलाय, आणि आई चार-चार मोसंब्या सोलून, फिरवून, अगदी निथळ गाळून पेला भरून त्यांच्या हातात देते.

ते बघून मला धस्स झालं. इंग्लंडमध्ये एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सांगते की रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलीच्या वर घेऊ नका, कारण फळ पिळलं की आतली साखर मोकळी होते आणि तिला धरून ठेवणारा चोथा आपण टाकून देतो. आमचा स्टीलचा पेला मापून बघितला तर २८० मिली! बाबांना विचारलं, एका बैठकीत चार मोसंब्या सोलून खाल का? म्हणाले, छे, दोनातच पोट भरतं.

मग गाळणं बंद केलं. छोटी काकडी, अर्धं गाजर, बीटाची एक चकती, आल्याचा तुकडा, लिंबू, थोडं पाणी, हे सगळं बारीक फिरवून चोथ्यासकट, छोट्या ग्लासात, नाश्त्याबरोबर. साखर नाहीच. आईने आपणहून चमचाभर ओलं खोबरं टाकलं आणि ते बरोबरच आहे, गाजरातलं बीटा कॅरोटीन अंगी लागायला थोडा तेलाचा अंश लागतो. केल्या केल्या प्यायचं, ठेवलं की व्हिटॅमिन सी कमी होत जातं. बीटामुळे लघवी लालसर होऊ शकते, घाबरू नका, बाबा पहिल्या दिवशी घाबरले होते.

दुधीचं मात्र नीट ऐका. आई दुधी चिरायच्या आधी देठाकडची पातळ काप काढून जिभेच्या टोकाला लावते, कडू लागली तर तिथेच थुंकते, चूळ भरते आणि अख्खा दुधी टाकून देते. मला आधी वाटायचं जुनी सवय असेल, पण कडू दुधीचा रस खरंच विषारी असतो, त्याने माणसं दगावलीत, आयसीएमआरनेही (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) कडू लागला तर पिऊ नका असं सांगितलंय. मीठ-लिंबू घालून कडूपणा झाकायला जाऊ नका, प्लीज. तसंच किडनीचा त्रास असलेल्यांनी करमलाचा, म्हणजे स्टारफ्रूटचा, रस अजिबात घ्यायचा नाही.

एकदा शेजारच्या काकांनी नीरो आणून दिला, सीझनचा शेवटचा. काजूची बोंडं चिरडून त्या ढिगावर दगड ठेवला की रात्रभर थेंब थेंब गळतो तो, संत्र्याच्या कितीतरी पट व्हिटॅमिन सी, पण उन्हं चढली की आंबायला लागतो म्हणून सकाळीच संपवायचा. असलं काही स्विंडनच्या कुठल्याच दुकानात मिळत नाही, मी दोन घोट अगदी हळूहळू प्यायले.

रातांब्यांची (कोकमाच्या फळांची), म्हणजे आमच्या भिंडांची, साखर भरलेली बरणी ओसरीवर उन्हात होतीच, ती पाहुण्यांसाठी. बाबांसाठी आई दोन ताजी भिंडां पाण्यात कुस्करते, वर जिऱ्याची पूड. काल व्हिडिओ कॉलवर बाबांनी छोटा ग्लास कॅमेऱ्यासमोर धरला, तळाला चोथा दिसत होता, आणि मागून आई म्हणाली, तोही चमच्याने खा हो.