कच्च्या लिंबाला जागा आहे का, ते आधी बघा

चवथीला आमच्या फोंड्याच्या घरी पंधरा-वीस माणसं असतात, आरत्या झाल्या, जेवणं झाली, बाहेर पाऊस कोसळतोय, अशा वेळी मुलं टीव्हीला गेमचा कन्सोल लावतात आणि मोठी माणसंही सरकत सरकत तिथे येऊन बसतात. हे बघून गेलेलं कोणीतरी मग चार दिवसांनी हमखास फोन करतं, की आमच्याकडे मुलगी आठची, मुलगा चारचा, सासऱ्यांनाही बसायला आवडेल, तर सगळ्यांनी मिळून खेळायचा गेम कुठला घेऊ? तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट लिहितेच.

लहानपणी आपण लगोरी नाहीतर पकडापकडी खेळायचो तेव्हा कोणाचा तरी धाकटा भाऊ मधे घुसायचाच, आणि मग ठरायचं की हा कच्चा लिंबू. तो पळणार, ओरडणार, सगळं करणार, पण त्याला कोणी आउट करायचं नाही. मी गेम निवडताना आधी हेच बघते, की यात कच्च्या लिंबाला जागा आहे का. चित्रं किती सुंदर, गेम किती गाजलाय, ते सगळं नंतर.

हे मी एका चुकीतून शिकले. धाकटा चार वर्षांचा असताना मोठीला आणि तिच्या मामेभावांना रेस खेळायची होती आणि याला काही जमत नव्हतं, म्हणून मीच त्याच्या हातात बंद कंट्रोलर दिला आणि सांगितलं की ती हिरवी गाडी तुझी. पाच-सात मिनिटं तो मन लावून बटणं दाबत होता. मग त्याने डावीकडे दाबलं, गाडी उजवीकडे गेली, परत दाबून बघितलं, आणि काही न बोलता कंट्रोलर सोफ्यावर ठेवून आजीकडे स्वयंपाकघरात निघून गेला. कच्चा लिंबू करणं वेगळं आणि फसवणं वेगळं, लहान मुलांना हा फरक कळतो हो, आपल्यालाच उशिरा कळतो.

आता नावं घेऊनच सांगते. आमचा कन्सोल निन्टेंडोचा स्विच आहे, पुढचे मारिओचे दोन्ही गेम त्यावरचेच. मारिओ कार्ट 8 डिलक्स 2017 चा आहे पण अजून आमच्याकडे सगळ्यात जास्त तोच चालतो, कारण त्यात स्मार्ट स्टिअरिंग आहे, ते चालू केलं की गाडी रस्त्याबाहेर जातच नाही, आणि अ‍ॅक्सिलरेटरही आपोआप दाबलेला ठेवता येतो. मुख्य म्हणजे हे ज्याच्या-त्याच्या गाडीला वेगवेगळं लावता येतं, म्हणजे धाकट्याला मदत आहे म्हणून मोठीचा खेळ मिळमिळीत होत नाही. आणि गाडी खरोखर तोच चालवत असतो.

दुसरा सुपर मारिओ ब्रदर्स वंडर, 2023 चा. चार जण एकत्र खेळतात, आणि आपलं पात्र म्हणून योशी किंवा नॅबिट घेतला तर शत्रूचा धक्का लागून काहीच होत नाही, खड्ड्यात किंवा लाव्हात पडलात तर मात्र जीव जातो. हा म्हणजे अगदी आपलाच कच्चा लिंबू. 2009 च्या मारिओत खेळाडू एकमेकांना धडकायचे, डोक्यावर उडी मारायचे, उचलून फेकायचे, त्यावरून भावंडांची जी भांडणं होतात ती मी बघितली आहेत, वंडरमध्ये एकमेकांना धक्काच लागत नाही. उलट योशीच्या पाठीवर दुसऱ्याला बसता येतं, त्यामुळे अवघड जागा आली की आमची मोठी योशी होऊन भावाला पाठीवर घेऊन जाते.

घरी जुना लॅपटॉप असेल तर नवीन कन्सोल घ्यायलाच पाहिजे असं अजिबात नाही. लेगो स्टार वॉर्ससारखे लेगोचे गेम दोन कंट्रोलर जोडून टीव्हीवर छान चालतात, दुसरा कंट्रोलर उचलला की तुम्ही खेळात, ठेवला की तुमचं माणूस कंप्युटर चालवतो, कुकर बघायला उठावं लागलं तरी खेळ थांबत नाही. मेलात तरी थोडी नाणी सांडतात आणि तिथेच परत उभे राहता.

खोक्यावरच्या वयाच्या आकड्याबद्दल मात्र खूप गैरसमज आहे. पेगी या युरोपातल्या वयाच्या मानांकनाचे 3, 7, 12, 16, 18 हे आकडे आत मारामारी, भीती, शिव्या वगैरे किती आहे ते सांगतात, गेम किती अवघड आहे ते सांगत नाहीत. 3 लिहिलेला गेम सहा वर्षांच्या मुलालाही न झेपणारा असू शकतो. पण म्हणून आकडा बघायचाच नाही असं करू नका. इट टेक्स टू हा 2021 चा गेम दोघांनीच खेळायचा, त्या वर्षीचा द गेम अवॉर्ड्सचा मुख्य पुरस्कार त्यालाच मिळाला, आणि दोघांचा गेम म्हटलं की सगळे तोच सुचवतात. त्याला 12 चा आकडा आहे आणि तो बरोबर आहे, गोष्ट घटस्फोट घेणाऱ्या आईवडिलांची, आणि एका प्रसंगात त्यांना मुलीच्या लाडक्या हत्तीच्या खेळण्याला, तो गयावया करत असताना, ओढत नेऊन पाडायचं असतं. नवरा-बायकोने जरूर खेळा, पाच वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन नको. ओव्हरकुक्ड पण सगळे सुचवतात, पण घड्याळ लावून स्वयंपाक करायचा असतो आणि हळू माणसामुळे सगळ्यांची ऑर्डर जाते, दहा वर्षांच्या पुढची मुलं असतील तर मजा, त्याआधी रडारड.

फोनवरचे फुकट गेम मी यात धरतच नाही, एक छोटा स्क्रीन, एकाचाच हात, आणि दर थोड्या वेळाने काहीतरी विकत घ्या. आणि दोनच्या आतल्या बाळाला स्क्रीनसमोर बसवू नका, दोन ते चारच्या मुलांना दिवसाला एका तासाहून जास्त नको असं डब्ल्यूएचओने 2019 मध्येच सांगितलंय, आम्ही ते पाळतो.

आजी-आजोबांसाठी गेममध्ये वाचायला कमी असावं. सासूबाई मराठी पेपर रोज वाचतात पण स्क्रीनवरचं इंग्रजी भराभर सरकतं ते त्यांना नको होतं, मग स्विच स्पोर्ट्सचं बोलिंग लावलं, त्यात हात मागून पुढे फिरवायचा एवढंच. दोन डाव बघून त्या उठल्या आणि म्हणाल्या, "म्हाका दी पळोवया," म्हणजे मला दे बघू. कंट्रोलरची दोरी मनगटात घालायला विसरू नका तेवढं.

तर तुमच्याकडे आठ, चार आणि सासरे, तर वंडर आधी घ्या, बोलिंग नंतर. स्विचबरोबर जॉय-कॉन या छोट्या कंट्रोलरची जी जोडी येते ती आडवी धरली की दोघांना एकेक होते, तिसरा वेगळा घ्यावा लागेल, आणि तो आजोबांचा म्हणून ठेवा. आमचा धाकटा आता सहाचा आहे, या चवथीला त्याने स्वतःच नॅबिट सोडून टोड, म्हणजे धक्का लागला की मरणारं पात्र, घेतला, पहिल्याच शत्रूला धडकून मेला, ताईकडे बघितलं, आणि परत टोडच घेतला.