बाइकला सायरन: जोड नीट तर अलार्म नीट

पुण्याच्या नाना पेठेत दुचाकीच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात अलार्मचं किट सहज मिळतं. एक मॉड्यूल (अलार्म चालवणारा डबा), एक सायरन, दोन रिमोट आणि वायरींचा गुंता. बसवायला तास-दीड तास पुरतो, आणि पहिल्या दिवशी सगळ्यांचाच सायरन खणखणीत वाजतो. खरी परीक्षा एका पावसाळ्यानंतर. बंद पडलेलं किट उघडलं तर मॉड्यूल जळालेलं क्वचित निघतं. सैल जोड, गंजलेलं अर्थिंग नाहीतर उतरलेली बॅटरी, या तिघांपैकीच कुणीतरी सापडतं.

म्हणून आधी बॅटरीचा हिशोब. गाडी उभी आणि अलार्म लावलेला असताना मॉड्यूल थोडा करंट खातच राहतं. तो १० मिलिॲम्पिअर धरला तर दिवसाला ०.२४ ॲम्पिअर-अवर जातात. बॅटरी ३ ॲम्पिअर-अवरची असेल तर सहा-सात दिवसांत निम्मी रिकामी. ८ ची असेल तर तेवढ्यालाच सोळा-सतरा दिवस लागतात. रोज हडपसर ते हिंजवडी करणाऱ्याला याचं काही वाटणार नाही. दिवाळीत दहा-बारा दिवस गाडी सोसायटीत ठेवून गावी जाणाऱ्याने मात्र अलार्मचा फ्यूज काढावा, हँडल लॉक करावं आणि चेन घालावी. आपल्या किटचा नेमका आकडा हवा असेल तर बॅटरीची निगेटिव्ह सोडून मध्ये मल्टीमीटर जोडा, आधी १० ॲम्पिअरच्या रेंजवर, मग मिलिॲम्पिअरवर. त्या वेळी चावी फिरवली की मीटरचा फ्यूज गेलाच समजा.

जोडणी सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडायची आणि शेवटी लावायची. किटची लाल वायर थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला न्या. वाटेत, बॅटरीपासून वीतभराच्या आत, ब्लेड फ्यूजचा होल्डर घाला. फ्यूज वायरचं रक्षण करतो, मॉड्यूलचं नाही. दूर बसवला तर बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची वायर रक्षणाविनाच राहते. किती ॲम्पिअरचा? साध्या बल्बचे १० वॅटचे चार इंडिकेटर एकदम लागले तर ३.३ ॲम्पिअर होतात, वर सायरन. म्हणजे ५ चा बसतो. लाल-काळ्याला १ चौरस मिलिमीटरची वायर घ्या, बाकीच्यांना ०.५ चालते. इलेक्ट्रिकच्या सामानाच्या टापकीर गल्लीत मीटरच्या हिशोबाने मिळते. काळी वायर चेसीच्या रंगवलेल्या बोल्टला अडकवू नका, रिंगचं थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) लावून बॅटरीच्या निगेटिव्हलाच न्या. रंगावर बसवलेलं अर्थिंग आज चालतं, पाऊस लागला की सायरन घोगरा होतो.

चावीची वायर रंगावरून ओळखायची नाही. किटच्या कागदावर ती नारिंगी म्हटली असली तरी गाडीच्या बाजूला कंपनीगणिक रंग वेगळे. चावी चालू केल्यावर १२ व्होल्ट आणि बंद केल्यावर शून्य दाखवते तीच खरी. इंडिकेटरच्या दोन वायरींपैकी एक डाव्या बाजूला, एक उजव्या बाजूला, स्विचच्या पुढे, बल्बकडे जाणाऱ्या वायरला. दोन्ही एकत्र पिळल्या तर डावीकडे वळताना चारही दिवे लुकलुकतात.

रिमोट स्टार्टची वायर जोडूच नका. गाडी गिअरमध्ये राहिली असेल आणि खिशातलं बटण दाबलं गेलं, तर ती स्टँडवरून उडी मारते. टोकाला हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवून बांधून टाका.

आता सायरन बदलायचा मोह. किटमधला बारीक वाटतो म्हणून मोठा लावला जातो आणि मॉड्यूलचं आउटपुट जळतं. त्याआधी जुना सायरन थेट बॅटरीला लावून पाहा. तो एकटा ओरडला तर आवाजाचं सर्किट त्याच्या पोटात आहे, मोठ्या सायरनसाठी रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) चालेल. नुसता ‘टक’ केला तर सूर मॉड्यूल काढतं. तिथे रिले फक्त फडफडेल. रिलेच्या पायांवरच्या आकड्यांनुसार जोडणी अशी: ८५ आणि ८६ ला मॉड्यूलचं सायरन आउटपुट, ३० ला फ्यूजमधून बॅटरीची पॉझिटिव्ह, ८७ ला नव्या सायरनची लाल, सायरनची काळी बॅटरीच्या निगेटिव्हला. ८५-८६ वर १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आडवा टाका, पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे. नाहीतर रिले सुटताना उलटा झटका मॉड्यूलमध्ये जातो. हा सायरन हॉर्नच्या बटणाला मात्र जोडायचा नाही. सुरांचे हॉर्न नियमात बसत नाहीत.

सायरनचं तोंड खाली हवं. वर ठेवला तर पाणी साचतं, आणि सर्व्हिसिंगच्या प्रेशर वॉशमध्ये उरलेलं काम होतं. सायलेन्सरपासून दूर, टूलबॉक्सच्या बाजूची पोकळी चांगली. वायरला खाली एक झोळ द्या म्हणजे ओघळ तिथूनच गळेल. दाबून बसणारे निळे-लाल क्लिप कनेक्टर टाळा. खड्ड्यांच्या हादऱ्याने वायरच्या तारा एकेक करून तुटतात. सोल्डर, हीट श्रिंक, आणि जोडापासून दोन इंचांवर झिप टाय. अँटेनाची बारीक वायर कापू किंवा गुंडाळू नका, नाहीतर रिमोट हातभरावरूनच चालतो.

सेन्सर मॉड्यूलमध्येच असतो, त्यामुळे मॉड्यूल फोममध्ये गुंडाळलं की त्याला हादरा कळत नाही. चेसीला घट्ट बांधा आणि सेन्सिटिव्हिटी सर्वांत खालून सुरू करा. बस गेली की ओरडणारा अलार्म आठवड्याभरात शेजारी ऐकेनासे होतात, आणि मग चोर आला तरी कुणी खिडकीत येत नाही. गणपतीत ढोल-ताशाच्या मार्गावर गाडी लावली असेल तर सेन्सर रिमोटवरून गप्प करा. पार्किंगची सम-विषम तारीख विसरलात तर टोइंगवाले गाडी उचलताना तो वाजणारच, आणि वाजत्या अलार्मला दंडात सूट नाही.

सगळी जोडणी झाल्यावर, मॉड्यूलचा कपलर (वायरींचा प्लग) काढून ठेवून, इंजिन चालू करून बॅटरीवर व्होल्टेज बघा. १३.५ ते १४.५ ठीक. १५ च्या वर गेलं तर आधी रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) बदला, मगच मॉड्यूलचा कपलर लावा.