खुलासा-आजोबांचा बंदोबस्त : किशोर भयकथा गटाची पुढची नोंद

वाडाबंदी यशस्वी झाल्याचे मागच्या नोंदीत मी मोठ्या समाधानाने लिहिले होते. गावाबाहेरचा पडका वाडा, अमावास्येची रात्र आणि नेमकी तिथेच बंद पडणारी गाडी या तिघांना मज्जाव केल्यापासून आमच्या डोंबिवलीच्या गटातली आठवी ते अकरावीची मुले आपापल्या इमारतींविषयी लिहू लागली आणि त्यांच्या गोष्टींना पहिल्यांदाच खरी जागा मिळाली. ते समाधान आता बरेच ओसरले आहे, कारण वाडा गेला तरी वाड्याबरोबर येणारे खुलासा-आजोबा, म्हणजे भूत कोणाचे आणि का झाले हे उलगडून सांगणारे ते म्हातारे पात्र, काही गेलेले नाहीत. त्यांनी फक्त वॉचमनचा गणवेश चढवला आहे.

नववीतल्या एका मुलाची गोष्ट पाहा. चौथ्या मजल्यावरचे एक घर दोन वर्षे बंद आहे, कुलपावर धूळ बसली आहे, तरी दूधवाला रोज पहाटे त्या दाराच्या कडीला दुधाची पिशवी अडकवतो आणि मुले शाळेला निघतात तेव्हा ती तिथे नसते. हे सगळे त्याने दीड पानात, ‘भयाण’ किंवा ‘किंकाळी’ यांपैकी एकही शब्द न वापरता लिहिले होते. पिशवीवरचे पाणी थेंबथेंब खालच्या पायपुसण्यावर गळत होते आणि बंद घरापुढचे ते पायपुसणे मात्र नुकतेच धुऊन घातलेले दिसत होते, या तपशिलाशी सगळा गट चिडीचूप झाला. दुसऱ्या पानावर वॉचमनकाका अवतरले आणि म्हणाले, “तुला ठाऊक नाही का बाळा, दोन वर्षांपूर्वी त्या घरात एक बाई...” त्यानंतर हुंडा, रॉकेल, आत्मा, बदला आणि शांती असे सगळे ओळीने येऊन गेले. त्या गर्दीत दुधाची पिशवी कोणाच्याही लक्षात राहिली नाही.

याचे खापर मालिकांवर फोडणे सोपे आहे, पण मला ते पुरेसे वाटत नाही. आपल्याकडची भुते मुळातच कारणासकट येतात. सोडमुंजीआधी मेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर बसतो, बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, निपुत्रिक माणसाचा समंध होतो. भूत कोणते हे कळले की कारण कळते आणि कारण कळले की उतारा कळतो. गटातली निम्मी मुले मे महिन्यात कोकणातल्या घरी जातात आणि ही यादी तोंडपाठ करूनच परततात. गावात या खुलाशाला अर्थ असतो, कारण सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याचा धीर बांधायचा असतो. भयकथा लिहिणाऱ्याला नेमके उलटे करायचे असते आणि म्हणून तोच खुलासा तिच्या मुळावर येतो.

पहिला उपाय अर्थातच कात्रीचा होता. शेवटचे पान कापून टाकायचे आणि उरलेली गोष्ट वाचायची. याने काहीच साधले नाही, कारण जळलेली बाई मनात ठेवून लिहिलेल्या गोष्टीला पहिल्या ओळीपासून रॉकेलचा वास येतोच. शिवाय चतुर मुलांनी पुढच्या खेपेला वॉचमनकाकांना सरळ पहिल्या पानावर आणून बसवले.

मग मी चकव्याकडे वळलो. आपल्या भुतांच्या गर्दीत चकवा हा एकटाच असा आहे की त्याला चेहरा नाही, पूर्वायुष्य नाही आणि कसली इच्छाही नाही. ओळखीच्या वाटेवरून निघालेला माणूस फिरून फिरून त्याच झाडापाशी येतो आणि उजाडले की सुटतो, एवढीच त्याची हकिगत. मुलांना सांगितले की, तुमच्या रोजच्या रस्त्यावर चकवा लागू द्या आणि तो का लागला हे कोणीही सांगायचे नाही. पहिल्या खेपेला मी फार खूश झालो. एका मुलीने रेल्वेच्या पादचारी पुलाचा चकवा केला, ज्यात कुठलाही जिना उतरला तरी माणूस एकाच फलाटावर येतो आणि घड्याळात लोकल यायला कायम तीनच मिनिटे असतात.

दुसऱ्या खेपेपासून मात्र गाडी घसरली. कारण सांगायचे नाही म्हणजे वाटेल ते घडवायचे, असा सोयीचा अर्थ मुलांनी लावला. जिन्याचा अजगर झाला, आरशातून मांजर बोलू लागले, चंद्र फ्रीजमध्ये सापडला. अशा गोष्टीला कोणी घाबरत नाही, कारण काहीही होऊ शकते असे दिसले की पुढे काय होईल याची धास्ती उरत नाही. खुलासा काढून टाकला की त्याच्या जागी काय ठेवायचे, या एका प्रश्नात माझे बहुतेक शनिवार गेले.

तोडगा निघाला तो आरवलीच्या वेतोबामुळे. वेंगुर्ले तालुक्यातल्या या देवाला भाविक भल्या मोठ्या चामडी चपला वाहतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तो रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरतो आणि त्यामुळे त्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. (वेतोबा हा देव आहे, भूत नव्हे, हे मुलांना आधीच बजावले होते, पालकांचे फोन घेण्याची माझी हौस भागलेली आहे.) या हकिगतीत चालणारा कोणाला दिसत नाही, दिसतो तो फक्त झिजलेला तळ, आणि तरीही त्यामागे एक पक्का नियम आहे. मुलांच्या गोष्टींत नेमके हेच नव्हते. कारण वाचकाला कळले नाही तरी चालते, पण नियम लिहिणाऱ्याला पक्का ठाऊक हवा आणि वाचकाच्या हाती त्या नियमाची फक्त झीज लागली पाहिजे.

म्हणून आता प्रत्येकाने लिहिण्यापूर्वी आपला नियम एका वाक्यात चिठ्ठीवर लिहून, घडी घालून माझ्याकडे द्यायचा असतो. दूधवाल्या मुलाची चिठ्ठी अशी होती : ‘बंद घरात एक पिशवी वाढते तेव्हा इमारतीतल्या दुसऱ्या एका घरात एक पिशवी कमी होते.’ नव्या खर्ड्यात वॉचमनकाका नाहीत. आई पोळ्या लाटताना सहज सांगते की, वरच्या काकूंनी अर्धा लिटर कमी केले आहे. तीन ओळींनंतर मुलगा दूधवाल्याची वही पाहतो आणि बंद घराच्या रकान्यात आजपासून दोन पिशव्या लिहिलेल्या असतात. गोष्ट तिथेच थांबते. वाचून झाल्यावर एकानेही ‘पण का?’ असे विचारले नाही; एका मुलीने मात्र आपल्या घरी किती दूध येते हे उगाचच मोठ्याने सांगितले. या पोराचा मला मनापासून अभिमान वाटला.

साधनांविषयी थोडक्यात सांगतो. फोनवरचे मराठी टंकन मी बंदच केले आहे, कारण ‘भ’ उमटताच कळफलक ‘भयानक’ पुढे करतो आणि मुले तो निमूटपणे स्वीकारतात. फुलस्केप वही आणि शिसपेन यांना पर्याय नाही. वाचनासाठी १९७० आणि १९८० च्या दशकांतले जुने दिवाळी अंक रद्दीवाल्याकडून किलोच्या भावाने घ्यावेत. लेखनाचे धडे देणाऱ्या गुळगुळीत पुस्तकांपेक्षा त्यांतल्या गूढकथा मुलांना जास्त शिकवतात. दिवे घालवून, मेणबत्ती लावून वाचण्याची मुलांची मागणी मी अजूनही फेटाळतो. ट्यूबलाइटच्या उजेडात, पंख्याच्या घरघरीत जी गोष्ट घाबरवते तीच पास.

चिठ्ठ्या माझ्याकडेच राहाव्यात असे आधी ठरले होते, परंतु हे लिहिता लिहिताच एक नवी युक्ती सुचली आहे. गोष्ट वाचून झाल्यावर बाकीच्यांनीही तिचा नियम ओळखून लिहायचा. सगळ्यांनी अचूक ओळखला तर खुलासा-आजोबा कुठे तरी लपलेले आहेत असे समजायचे, कोणालाच ओळखता आला नाही तर गोष्टीत चंद्र-फ्रीज शिरला आहे. दोन-तीन जण जवळपास पोहोचले आणि आपसांत भांडले, तर खर्डा पक्का.

याच ओघात हस्तलिखित दिवाळी अंकाचा बेतही बदलावा असे वाटू लागले आहे. प्रत्येकाची सुटी गोष्ट घेण्याऐवजी सगळ्यांना दुधाचाच नियम द्यावा, इमारतही एकच ठेवावी आणि प्रत्येकाने एकेक घर घ्यावे. एका घरात पिशवी कमी होईल, दुसऱ्या घरात त्याची चर्चा होईल, तिसऱ्या घराला पत्ताच नसेल. नियमाच्या मालकाने परवानगी दिली आहे, पण चौथ्या मजल्याचे बंद घर कोणालाही मिळणार नाही, अशी त्याची अट आहे आणि ती मला मान्य आहे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसाठी दोघी आत्तापासूनच हटून बसल्या आहेत, त्यामुळे येत्या शनिवारी टाकीपुरत्या चिठ्ठ्या टाकाव्या लागतील. वॉचमनची केबिन मात्र मी स्वतःकडे ठेवली आहे.